माती न लागलेली जर्सी

दिवाळीच्या आसपास भात कापून झालं की दक्षिण गोव्यात सासष्टीतल्या शेतांत गोलचे खांब उभे राहतात. जमीन वरून सुकलेली, आतून ओली. धसकटं पायाला टोचतात, आणि बांधावर बसलेल्यांची संध्याकाळ मजेत जाते. अशा सामन्यात मागून धावत येऊन, अंग झोकून, घसरत घसरत चेंडू शेजारच्या कुणग्यात भिरकावणाऱ्या पोराला शिट्ट्या मिळतात. तो उठतो तेव्हा कमरेपासून घोट्यापर्यंत चिखलाने माखलेला असतो. त्याच संघात दुसरा एक स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, असतो. पूर्ण सामन्यात तो एकदाही आडवा झालेला नसतो. त्याची जर्सी तशीच घडी घालून पिशवीत ठेवता येईल. त्याच्यासाठी कोणी शिट्टी वाजवत नाही. पण पोरं हेरायला पणजी-वास्कोच्या एखाद्या क्लबाचा माणूस आलाच असेल, तर तो नाव याचं विचारतो.

घसरून चेंडू काढणं ही बहुतेक वेळा तीन-चार सेकंदांपूर्वीच्या चुकीची भरपाई असते. उभं राहायची जागा चुकली, वळायला उशीर झाला किंवा माणूस नजरेतून सुटला, म्हणून शेवटी जमिनीवर पडावं लागलं. भरपाई नेटकी झाली तर कौतुक होतं, आणि मूळ चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. बचावपटूच्या कारकिर्दीतला निम्मा गैरसमज इथूनच सुरू होतो.

गोव्यात फुटबॉल शिवोलीला आला, १८८३च्या सुमारास फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तो आणला, असं सांगतात. तेव्हापासून आजपर्यंत गोमंतकीय माणसाचं प्रेम चेंडू पायात खेळवणाऱ्यावर आहे. दोन माणसांना चकवून तिसऱ्याच्या पायांमधून चेंडू काढणारा पोरगा गावात देव होतो. आपल्या डिचोली-पेडण्याच्या बाजूला क्रिकेटचा ओढा जास्त, पण तिथेही फुटबॉल खेळणारं पोर आधी पुढेच खेळायचं म्हणतं. बचावात खेळायचं स्वप्न घेऊन कोणी मैदानावर येत नाही. बचावपटू बहुतेक वेळा मागे ढकलून तयार होतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी अचानक उंची वाढते, किंवा पुढच्या जागेसाठी दुसरा जास्त चपळ निघतो, आणि एके दिवशी प्रशिक्षक म्हणतात, "फाल्यां सावन तूं फाटीं खेळ." उद्यापासून मागे. पोर घरी जाऊन जेवत नाही. आईला वाटतं काहीतरी लागलं असेल.

पण मागे ढकलणं ही शिक्षा नसते. मंदार राव देसाई हा म्हापशाचा डावखुरा खेळाडू बरीच वर्षं डाव्या बगलेतून, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेने, आक्रमण करायचा. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या एफसी गोवामध्ये तो लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, झाला, त्याच जागेवरून भारतीय संघात पोहोचला, आणि २०२०-२१मध्ये मुंबई सिटीबरोबर इंडियन सुपर लीगची (आयएसएल) साखळी फेरीची शील्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही जिंकला. आदिल खान मूळचा मध्यपटू. सेंटर बॅक म्हणून तो भारतासाठी खेळू लागला तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. पुढे खेळून मागे आलेल्या माणसाजवळ एक पुंजी असते: समोरच्या आक्रमकाच्या मनात आत्ता काय चाललं असेल, हे त्याला ठाऊक असतं, कारण तेच त्याने वर्षानुवर्षं केलेलं असतं. उणीव असते ती सवयीची. चेंडू दिसला की त्याच्याकडे धावायचं ही आक्रमकाची सवय बचावात जीवघेणी ठरते.

सुरुवात एकास एकपासून करू. बगलेतला आक्रमक चेंडू घेऊन येतोय आणि आपण दहा-बारा मीटरवर आहोत. पहिलं काम म्हणजे अंतर कमी करणं, आणि ते चेंडू हवेत किंवा पासात असतानाच करायचं, त्याने तो पायात घेतल्यावर नाही. पहिले सात-आठ मीटर पूर्ण वेगाने, शेवटचे तीन-चार मीटर आखूड पावलांनी, वेग कमी करत. दीड ते दोन मीटरवर थांबायचं. त्याहून जवळ गेलात तर एका स्पर्शात तो पलीकडे जातो. लांब राहिलात तर डोकं वर करून निवांत क्रॉस मारतो, म्हणजे कडेवरून चेंडू गोलसमोर टाकतो. उभं राहायचं तिरकं, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. छाती समोर करून सरळ उभा राहिलेला बचावपटू पायांमधून फसतो, आणि वळायला त्याला एक पाऊल जास्त लागतं. तेवढ्यात आक्रमक निघून गेलेला असतो. नजर चेंडूवर. खांदे, कंबर, डोळे खोटं बोलतात. चेंडू बोलत नाही.

तिरकं कुठल्या बाजूला, हे आधी ठरलेलं हवं. साधारण नियम असा, की आक्रमकाला मधला रस्ता बंद करायचा आणि टचलाईनकडे, मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे, ढकलायचं. टचलाईन हा जास्तीचा बचावपटू आहे, तो कधी थकत नाही. पण बाहेरच्या पायाने सुरेख क्रॉस मारणारा असेल आणि आपला मध्यपटू मदतीला जवळ असेल, तर उलट आत ढकलणंही योग्य. म्हणून सामन्याआधी समोरच्याचा कमजोर पाय कोणता, हे विचारलंच पाहिजे. गावच्या सामन्यात कोणी सांगत नाही. पहिल्या दहा मिनिटांत आपणच पाहायचं.

मग वाट पाहायची. याच जागी सगळे घाई करतात. चेंडू त्याच्या पायाला चिकटलेला असेपर्यंत पाय घालायचा नाही. धावताना तो चेंडू पुढे ढकलतो, आणि एखादा स्पर्श थोडा लांब जातो. चेंडू त्याच्या पायापासून पाऊलभर सुटला की तोच क्षण. जवळच्या पायाने, चेंडूच्या मधोमध, गुडघा किंचित वाकलेला ठेवून. लांबच्या पायाने गेलात तर अंग आडवं फिरतं आणि चेंडू निसटला तर परतायला वाट राहत नाही. आपल्या मैदानांवर मागून हाक येते, "रांव, रांव!" थांब, थांब. एका शब्दात बचावाचं अर्धं शास्त्र आहे.

ही हाक ज्याची, त्याचं काम पहिल्याइतकंच मोठं. तो पाच ते आठ मीटर मागे, तिरक्या रेषेत उभा असतो. बरोबरीने उभा राहिला तर एकाच पासात दोघे कापले जातात. फार मागे राहिला तर मधल्या जागेत आक्रमकाला पुन्हा वेग मिळतो. तो बोलत राहिला, तरच पुढचा निर्धास्त दबाव टाकू शकतो. मुका स्टॉपर कितीही चांगला असो, शेजारच्याला भित्रा बनवतो.

चौघांची रेषा हा वेगळा विषय, आणि मला सर्वांत रंजक वाटणारा. चार जणांमध्ये साधारण आठ ते बारा मीटर अंतर, आणि ही रेषा दोरी बांधल्यासारखी चेंडूबरोबर डावी-उजवीकडे सरकते. चेंडू डाव्या टचलाईनला असेल तर राइट बॅक आपल्या बाजूच्या टचलाईनवर उभा राहत नाही, तो आत सरकून लांबच्या खांबाच्या सरळ रेषेत येतो. प्रेक्षकाला वाटतं, उजवी बाजू मोकळी सोडली. सोडलीच आहे. तिथे चेंडू पोहोचायला हवेतून दोन-तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात चौघं सरकू शकतात. मधला दरवाजा उघडा राहिला तर अर्धा सेकंदही मिळत नाही.

पुढे-मागे सरकायचा निकष एकच: चेंडूवाल्यावर दबाव आहे की नाही. त्याची पाठ आपल्याकडे असेल, मान खाली असेल, किंवा त्याने चेंडू मागे दिला असेल, तर रेषा दोन-चार पावलं पुढे. त्याला मान वर करायला मोकळीक मिळाली, पाय मागे गेला, तर सगळे मागे, तेही चेंडू मारला जाण्याआधी. ऑफसाईडच्या सापळ्याला, म्हणजे रेषा पुढे नेऊन आक्रमकाला तिच्या पलीकडे नियमबाह्य जागी पकडण्याला, लोक धाडसी डाव समजतात. खरं तर तो या निकषाचं उपफळ आहे. चेंडूवाला मोकळा असताना हात वर करून पुढे धावणारी बचावफळी रोज कुठेतरी गोल खाते, आणि मग सगळे लाईन्समनवर ओरडतात. शिवाय चौघांतला एक जण अर्धं पाऊल मागे राहिला तरी सापळा फुकट, आणि मागे राहतो तो बहुधा लांबच्या बाजूचा बॅक, कारण त्याला चेंडू दूर वाटतो आणि तो जरा विसावतो. ऑफसाईड मोजताना हात धरत नाहीत, खांदा धरतात. काखेच्या खालच्या टोकाच्या रेषेपर्यंत हात संपला असं समजतात.

क्रॉस आला की गोष्ट अवघड होते, कारण आता चेंडू आणि माणूस दोन्ही एका नजरेत ठेवायचे असतात. त्यासाठी अंग अर्धं उघडं ठेवून, माणूस आणि आपला गोल यांच्या मध्ये, चेंडूच्या बाजूला एक पाऊल सरकून उभं राहायचं. हाताची बोटं त्याच्या कमरेला नुसती लागलेली. तो हलला की कळतं. धरायचं नाही, रेफ्री तेच पाहत असतो. बहुतेक गोल चेंडूकडे टक लावून पाहणाऱ्या बचावपटूच्या पाठीमागे होतात. माणूस पाठीमागून सरकतो आणि बिचारा चेंडूच्या मार्गाचा आनंद घेत राहतो.

डोक्याने चेंडू काढायचा तो उंच, लांब आणि बगलेकडे. मधोमध काढलेला चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मध्यपटूला बक्षीस म्हणून मिळतो. उडी एका पायावर, दोन पावलं धावत येऊन. जागेवरून दोन पायांनी उडणारा कमी उडतो. कपाळ चेंडूवर, डोळे उघडे, मान ताठ. आणि एकदा चेंडू बाहेर गेला की सगळ्यांनी एकदम बाहेर धावायचं. पाच पावलं आळस केला आणि चेंडू परत आला, तर ऑफसाईड राहिलेले तीन आक्रमक अचानक वैध होतात.

फ्री-किकच्या भिंतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण गावच्या सामन्यांत ती नेहमी चुकते. भिंत गोलरक्षक लावतो, भिंतीतले नाहीत. वीस-पंचवीस मीटरवरून समोरून मारायची असेल तर चार-पाच जण. सर्वांत कडेच्या माणसाने जवळच्या खांबाच्या रेषेपेक्षा किंचित बाहेर उभं राहायचं, नाहीतर चेंडू त्याच्या बाहेरून वळून आत येतो. अंतर ९.१५ मीटर. २०१९पासून भिंतीत तीन किंवा जास्त बचावपटू असतील तर आक्रमकांना भिंतीपासून एक मीटर दूर राहावं लागतं. त्यामुळे भिंतीत घुसून ढकलाढकली करायची जुनी युक्ती संपली. आता एक जण भिंतीमागे आडवा झोपतो, खालून येणाऱ्या फटक्यासाठी. दिसायला विनोदी, पण त्याच्यामुळे बाकीचे निर्धास्त उडी मारू शकतात.

नियमही बचावपटूने रेफ्रीइतके जाणले पाहिजेत. फाऊल करून गोलची स्पष्ट संधी हिरावली की लाल कार्ड, आणि संधी स्पष्ट होती की नाही हे चार गोष्टींवर ठरतं: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडूवर ताबा मिळण्याची शक्यता, आणि बाकीचे बचावपटू कुठे आहेत. २०१६पर्यंत पेनल्टी क्षेत्रात अशी चूक झाली की पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याची बंदी, तिन्ही. आता चेंडू खेळायचा खरा प्रयत्न करताना फाऊल झाला तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड एवढंच. ओढलं, धरलं, ढकललं तर मात्र लाल. म्हणजे क्षेत्राच्या आत, उशीर झालाच असेल, तर हाताने ओढण्यापेक्षा पायाने प्रयत्न केलेला बरा. हा हिशोब अर्ध्या सेकंदात करायचा असतो, म्हणून तो आधीच अंगात मुरलेला हवा.

२०१९चाच आणखी एक बदल: गोल-किक मारल्याबरोबर चेंडू खेळात येतो, पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची वाट पाहत नाही. तेव्हापासून स्टॉपर आपल्याच क्षेत्रात, गोलरक्षकाच्या बाजूला उभा राहून पास घेतो. पूर्वी ज्याला "मार लांब" एवढंच सांगितलं जायचं, त्याला आता पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन वळता आलं पाहिजे. चेंडू येण्याआधी दोनदा मान फिरवून मागे पाहायचं, लांबच्या पायावर चेंडू घ्यायचा, अंग मैदानाकडे उघडं ठेवायचं. हे न जमणारे कित्येक दणकट स्टॉपर गेल्या काही वर्षांत मागे पडले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. खेळच त्यांच्या पायाखालून सरकला.

आता जमीन आणि बूट. आपल्याकडे एकाच हंगामात चार तऱ्हांच्या जमिनी भेटतात: पावसातलं गवत, उन्हाळ्यातली कडक तांबडी माती, म्हापशाच्या धुळेर मैदानासारखी कृत्रिम हिरवळ, आणि भाताचं शेत. तांबड्या कडक मातीवर चेंडू उंच उसळतो, तिथे बचावपटूने पडणाऱ्या चेंडूखाली थांबायचं नाही. एकतर टप्पा पडायच्या आधी गाठायचा, नाहीतर दोन पावलं मागे राहायचं. टप्प्याच्या बरोबर खाली सापडलेला स्टॉपर म्हणजे डोक्यावरून गेलेला चेंडू आणि मोकळा सुटलेला आक्रमक. ओल्या कृत्रिम हिरवळीवर चेंडू उसळत नाही, सटकतो, वेग वाढवत. पास अडवायला पाय आधी टाकावा लागतो. पावसाळी गवतावर लांब, स्क्रूने बसवायचे स्टड लागतात. तेच बूट कृत्रिम हिरवळीवर घातले तर स्टड रुततो, अंग वळतं, पाय वळत नाही, आणि गुडघा जातो. कृत्रिम हिरवळीसाठी आखूड आणि जास्त संख्येचे स्टड हवेत. एकाच बुटाच्या जोडीवर सगळीकडे खेळणं हे आपल्याकडच्या गुडघ्याच्या दुखण्यांचं एक कारण आहे, आणि गरिबीमुळे ते टळतही नाही.

गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया आणि साधारण नऊ महिने. घाईने सहाव्या महिन्यात परतणारा पुन्हा तिथेच येतो. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी एक स्वस्त उपाय आहे. गुडघ्यांवर बसायचं, साथीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं, जमेल तितकं रोखत. सुरुवातीला तीन ते पाच वेळा, मग सात ते दहा, पुढे बारा ते पंधरा. फिफाच्या '११ प्लस' सरावातला हा भाग आहे. पूर्ण सराव वीस मिनिटांचा: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगाने धावणं. साधन काही लागत नाही. नवख्याने मात्र सामन्याच्या आदल्या दिवशी तो व्यायाम सुरू करू नये, दोन दिवस जिना उतरता येणार नाही. जेवण सामन्याच्या तीन-चार तास आधी. शीत-कडी चालते, तळलेलं मासळीचं ताट नाही.

शरीर टिकलं तरी पोट भरायचं कसं, हा प्रश्न उरतोच. गोव्यातल्या क्लबांची मोठी घरं खाणींच्या पैशांवर उभी होती. साळगावकर, डेंपो, सेझा ही नावं आधी खनिजाशी जोडलेली आणि मग फुटबॉलशी. डेंपोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, साळगावकरने १९९८-९९ आणि २०१०-११मध्ये, चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ आणि २०१२-१३मध्ये. चांगल्या स्टॉपरला या घरांत वर्षानुवर्षं जागा मिळायची. महेश गवळी आणि समीर नाईक डेंपोच्या बचावात एकत्र खेळले, राष्ट्रीय संघातही दोघे होते. गवळी टाटा फुटबॉल अकादमीतून आलेला, २००३ साली जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालमध्येही होता. त्याचा खेळ आठवणारे पहिली गोष्ट सांगतात ती शांतपणाची.

२०१२मध्ये खाणी बंद पडल्या. २०१६मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब दे गोवा आय-लीगमधून, म्हणजे त्याच राष्ट्रीय लीगमधून, बाहेर पडले. दोन्ही गोष्टींचा थेट धागा जोडायची घाई नको, बाहेर पडण्यामागे लीगच्या फेररचनेवरचा राग होता. पण बचावपटूसाठी परिणाम एकच: वीसेक वर्षं ज्या चार-पाच दारांवर थाप मारता यायची, त्यांतली बरीच मिटली.

तोवर आयएसएल आली होती. पैसा आला, हिरवळी सुधारल्या, फिजिओ आले. पण सुरुवातीला मैदानावर सहा परदेशी खेळवता यायचे, मग पाच, २०२१-२२पासून चार. कोणत्याही प्रशिक्षकाने परदेशी माणसासाठी पैसे मोजायचे म्हटलं तर तो पाठीचा कणा विकत घेतो: स्टॉपर, मध्यपटू आणि स्ट्रायकर. २०१९-२०ची शील्ड जिंकणाऱ्या एफसी गोवाचा नेहमीचा बचाव पाहा. मध्ये सेनेगलचा मुर्तदा फॉल आणि स्पेनचा कार्लोस पेन्या, दोन्ही कडांना सेरिटन फर्नांडिस आणि मंदार राव देसाई. गोमंतकीय पोरं बगलेला सरकली होती. म्हणून आज पंधरा वर्षांच्या उंच पोराला सल्ला द्यायचा तर तो असा, की स्टॉपर हो, पण बॅक म्हणूनही खेळता येईल एवढं धावायला शीक. एका जागेवर अडून बसणाऱ्याला क्लब मिळणं कठीण.

करारही वाचायला शिकावं. फिफाच्या नियमांनुसार करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा तीन वर्षांचा. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबाशी बोलणी करता येतात. पगार थकला, दोन महिन्यांइतका, तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत तर करार मोडायला खेळाडू मोकळा. पुष्कळ पोरं तोंडी विनवण्या करत हंगाम काढतात आणि शेवटी कागद हातात नसतो. बोनसचं कलम वाचा. गोलांवर बोनस आहे की सामन्यांवर? बचावपटूने सामने आणि गोल न खाल्लेले सामने यांवर मागावा. दुखापतीत पगार चालू राहतो का, शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, हे सही करण्याआधी विचारावं, फिजिओच्या टेबलावर पडल्यावर नाही.

वयाची खोटी कागदपत्रं हा आणखी एक रोग. लहान गटांत मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय पाहतात. दोन वर्षं चोरून लहान मुलांत खेळलेला स्टॉपर नुसत्या अंगाच्या जोरावर जिंकत राहतो, जागा धरणं शिकतच नाही, आणि विसाव्या वर्षी बरोबरीच्या अंगाची माणसं भेटली की उघडा पडतो. पकडला गेला नाही तरी शिक्षा होतेच.

बचावपटू तेहतीस-पस्तीसपर्यंत खेळतो, स्टॉपर असेल तर कधी त्याहूनही पुढे. पाय मंदावतात, पण जागा आधी ओळखता आली तर कमी धावावं लागतं. मग बहुतेक जण शिट्टी गळ्यात घालतात. डी परवान्यापासून सुरुवात, मग आशियाई फुटबॉल महासंघाचे (एएफसी) सी, बी, ए आणि वर प्रो. साळगावकरच्या बचावात खेळलेले डेरिक परेरा प्रो परवान्यापर्यंत गेले. समीर नाईक डेंपोचे प्रशिक्षक झाले. महेश गवळी राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक होते, आणि २०२३च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावर बंदी आली तेव्हा उपांत्य आणि अंतिम सामन्यात डगआउट त्यांनीच सांभाळला. भारताने ती स्पर्धा जिंकली. मागे उभं राहणाऱ्याला सगळं मैदान समोर दिसतं, त्याचा हा पुढचा उपयोग.

नाव मात्र राहत नाही. गोव्याने १९८४ साली राज्यांच्या संघांमधला संतोष करंडक एकही गोल न खाता जिंकला. त्या संघाचे कर्णधार आणि गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर, ताळगावचे, त्यांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच. पण त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या बचावपटूंची नावं आज किती जणांना सांगता येतील? आपल्या मराठी दैनिकांच्या क्रीडा पानावरही बचावपटूचा उल्लेख बहुधा "बचावफळी भक्कम राहिली" एवढाच येतो. फळीला नाव नसतं.

१० सप्टेंबर २०१९ला दोह्यात भारताने कतारला ०-० रोखलं. त्याच वर्षी आशिया चषक जिंकलेला कतार, त्यांचंच मैदान, आणि आपल्याकडे सुनील छेत्री आजारी. रात्रभर गोलरक्षक गुरप्रीतसिंगच्या हातांचं कौतुक झालं. बचावात राहुल भेके, संदेश झिंगन, आदिल खान, मंदार राव देसाई. चारांतले दोघे गोव्याचे, आणि दोघेही मुळात मागे ढकललेले. महिनाभराने कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध ८८व्या मिनिटाला बरोबरीचा गोल करणारा आदिलच होता, डोक्याने. त्या गोलची चित्रफीत सहज सापडते. दोह्यातल्या नव्वद मिनिटांत त्याने कुठे उभं राहून किती पास अडवले, त्याची चित्रफीत कोणी कापून ठेवलेली नाही.

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर पुढचा सामना पाहायला जाल तेव्हा मधल्या स्टँडचं तिकीट घेऊ नका. गोलच्या मागे, जमेल तितक्या वरच्या रांगेत बसा. तिथून चौघांची रुंदी दिसते, टचलाईनवरून ती कधी दिसत नाही. पहिली पंधरा मिनिटं चेंडू पाहू नका, एकच स्टॉपर निवडा. चेंडू पलीकडच्या बगलेत असताना त्याची मान किती वेळा फिरते ते मोजा. चेंडू मागे गेला की तो किती पावलं पुढे सरकतो, आणि शेजाऱ्याला हाताने काय दाखवतो, ते पाहा. मध्यंतराला पाऊस आला असेल, तर दोन्ही संघ आत जाताना त्याची चड्डी पाहा.